खड्डा खणण्यापूर्वी : खोदाईच्या अवजाराची निवड आणि मातीचे आरोग्य

काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातील एका डाळिंब बागेत मला खोडकिडीच्या निदानासाठी बोलावण्यात आले होते. बाग तीन वर्षांची होती. झाडे एकेक करून पिवळी पडत होती, खोडांवर जमिनीलगत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसत होती आणि त्यांतून लाकडाची बारीक भुकटी बाहेर येत होती. कीटकशास्त्रज्ञाला याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? खोडाला छिद्रे पाडणाऱ्या लहान भुंगेऱ्याचे नाव मी सांगितले, उपाय लिहून दिला आणि परतले. दोन महिन्यांनी पुन्हा बोलावणे आले. उपाय काटेकोरपणे केले होते, तरी झाडे मरतच होती. या वेळी मात्र एक वाळलेले झाड मुळासकट काढून पाहू, असा आग्रह मी धरला.

झाड बाहेर आले आणि निदान बदलले. कुंडीत वाढलेल्या रोपाप्रमाणे मुळे गोल गोल फिरून स्वतःभोवतीच गुंडाळली गेली होती. खड्ड्याची भिंत कुंभाराने ओला हात फिरवावा तशी गुळगुळीत होती. तिला भेदून बाहेर गेलेले मूळ क्वचितच दिसत होते. तळाशी पाणी साचून मातीला कुबट वास येत होता. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी होत्या आणि खोड उभे चिरताच आत मर रोगाच्या काळपट-तपकिरी रेषा दिसल्या. भुंगेरा होता हे खरे, पण तो सर्वांत शेवटी आला होता. हे भुंगेरे बहुधा आधीच दुबळ्या झालेल्या झाडाकडे वळतात.

चौकशी केली तेव्हा कळले, की लागवडीचे खड्डे भाड्याच्या ट्रॅक्टरवरील ऑगरने, जमीन ओली असताना, एका दिवसात उरकले होते. ते यंत्र आदल्या दिवशी दुसऱ्या गावातील जुन्या डाळिंब बागेत चालून थेट इकडे आले होते. रोग त्या यंत्राच्या पात्यानेच आणला, असे मी म्हणणार नाही. सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी रोपवाटिकेतील रोपांबरोबरही येतात. परंतु ते कोठूनही आले असोत, त्या बंदिस्त, ओल्या खड्ड्यांत त्यांना हवे ते सारे मिळाले होते.

त्या दिवसापासून कोणी खड्डे घ्यायचे म्हटले, की कीड-रोगांच्या आधी मी अवजाराबद्दल विचारते. तासाचा दर किती आणि काम किती दिवसांत उरकेल, हे प्रश्न शेतकरी विचारतातच. त्यांना आणखी चार प्रश्नांची जोड द्यावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. खड्डा कशासाठी हवा? जमीन कोणती आणि या क्षणी किती ओली आहे? हे अवजार मातीचे काय करील? आणि ते येताना सोबत काय घेऊन येईल?

आधी घनमीटर मोजावेत

अवजाराची निवड अंदाजाने न करता आकड्यांवरून करावी. डाळिंबाची ४.५ मीटर × ३ मीटर अंतराने लागवड केल्यास एकरी सुमारे ३०० झाडे बसतात. शिफारशीप्रमाणे ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेतला, तर एका खड्ड्यातून ०.२१६ घनमीटर माती निघते; म्हणजे एकरी सुमारे ६५ घनमीटर. एका मजुराने दिवसाला दोन घनमीटर माती काढली असे धरले, तरी हे बत्तीस-तेहतीस माणूस-दिवसांचे काम आहे. यंत्राचा मोह का पडतो, ते यावरून समजते आणि तो गैरही नाही.

आता ऑगरचा हिशेब पाहू. भाड्याने मिळणाऱ्या ऑगरला पुष्कळदा १८ इंची, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर व्यासाचे पाते असते. त्याने ६० सेंटिमीटर खोल गेल्यास एका खड्ड्यातून फक्त ०.०९५ घनमीटर माती निघते. शिफारशीच्या खड्ड्याच्या तुलनेत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी, जेमतेम ४४ टक्के आहे. पाते २४ इंची, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर तेच प्रमाण ७८ टक्क्यांच्या आसपास जाते. ‘ऑगर आहे का?’ एवढेच विचारणे म्हणूनच पुरेसे नाही. ‘पाते किती इंची?’ हे आधी विचारावे. स्वस्तात पडलेल्या खड्ड्यात रोपाच्या वाट्याला निम्मीच भुसभुशीत माती आली असेल, तर ती बचत नव्हे.

हेच माप प्रत्येक कामाला लागू करता येते. ठिबकची मुख्य वाहिनी गाडण्यासाठी अरुंद, पण लांबच लांब चर लागतो. कुंपणाच्या खांबाला अरुंद व खोल खड्डा हवा असतो आणि त्याच्या भिंती घट्ट असणे तेथे गुणच ठरतो. फळझाडाला याच्या उलट हवे असते. खांबाला घट्ट भिंत आणि झाडाला सैल भिंत, हा भेद लक्षात ठेवला तर निम्मी निवड होऊन जाते.

हाताची अवजारे : जुनी, पण निकामी नव्हेत

कुदळ, टिकाव, फावडे, पहार आणि घमेले हा संच आजही प्रत्येक शेतावर असावा. काम थोडे असेल, जागा अडचणीची असेल किंवा उभ्या झाडाच्या मुळांजवळ खणायचे असेल, तेथे यंत्र आणणे हा उतावीळपणा ठरतो. मुरमात व खडकाळ जमिनीत टिकावाचे टोक आणि पहार उपयोगी पडते. मऊ, पोयट्याच्या जमिनीत रुंद पात्याचे फावडे काम उरकते. देशात याच अवजाराची किती रूपे आहेत! पंजाबात कस्सी आहे, तमिळनाडूत मण्वेट्टी आहे. पात्याची रुंदी, त्याचा दांड्याशी होणारा कोन आणि दांड्याची लांबी त्या त्या मातीला आणि कामाच्या पद्धतीला धरून ठरली आहे.

हाताचे अवजार विकत घेताना पाते वाजवून पाहावे. चीर असेल तर आवाज बद्द येतो. दांडा सरळ रेषांचा, गाठी नसलेला असावा आणि पात्याच्या डोळ्यात पाचरीने घट्ट बसलेला असावा. आखूड दांड्याने कंबर फार वाकते आणि दिवसभराच्या कामात थकवा वाढतो. खोदाईनंतर माती भरण्याचे व उचलण्याचे काम पुष्कळदा स्त्रिया करतात. त्यांच्या हातात पुरुषांच्या मापाचे अवजार देणे हा आपला जुना दोष आहे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने स्त्रियांच्या शरीरमापांचा विचार करून अनेक हात-अवजारे विकसित केली आहेत. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकांत ती आवर्जून दाखवावीत.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने हाताच्या खोदाईचा आणखी एक लाभ आहे. कुदळीने खणणारा माणूस माती पाहत असतो. हुमणीचा भुंगेरा, वाळवीची गॅलरी, मुळांवरील गाठी, सगळे त्याच्या नजरेस पडते. शेकडो खड्डे यंत्राने घ्यायचे असले, तरी शेताच्या चार-पाच निरनिराळ्या भागांत आधी एकेक खड्डा हाताने खणून पाहावा. मातीचा थर कोठे बदलतो, मुरूम किती खोलीवर लागतो आणि जमिनीत कोण राहते, हे त्यातून कळते. यंत्र कोणते मागवायचे, याचे उत्तर बहुधा त्याच खड्ड्यांत सापडते.

ऑगर : वेग मोठा, अट एकच

ऑगरचे दोन प्रकार सर्वत्र आढळतात. पहिला, पेट्रोलवर चालणारा हाती ऑगर. लहान पात्यांसह तो हलक्या व मध्यम जमिनीत रोपवनासाठी किंवा खांबांसाठी चांगला आहे. दगड किंवा जाड मूळ लागताच मात्र तो चालकाच्या मनगटाला जबर हिसका देतो. दुसरा, ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा. तो ३५ अश्वशक्तीच्या पुढील ट्रॅक्टरला जोडतात आणि त्याला मोठी पाती बसतात. तो घेताना पाते अडकल्यास तुटणारा सुरक्षा-बोल्ट आहे का, पीटीओच्या दांड्यावर आवरण आहे का आणि पात्याची टोके बदलता येतात का, या तीन गोष्टी पाहाव्यात.

ऑगरची अट एकच आहे, ती म्हणजे वाफसा. चिकणमातीचे प्रमाण अधिक असलेल्या काळ्या जमिनीत ओल जास्त असताना पाते फिरले, की भिंत लिंपली जाते. मातीतील सूक्ष्म पोकळ्या बंद होतात, पाणी बाहेर झिरपत नाही आणि कोवळे मूळ भिंतीला आपटून वळते. माझ्या त्या डाळिंब बागेत नेमके हेच घडले होते. उलट मे महिन्यातील कोरड्या काळ्या जमिनीत पाते आतच शिरत नाही. अशा वेळी खुणा केलेल्या जागी पाणी देऊन वाफसा येईपर्यंत थांबावे. खड्ड्याच्या निम्म्या खोलीवरील मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकावा. तो फुटून विखुरला तर काम सुरू करावे. चपटा होऊन तसाच राहिला तर ट्रॅक्टर परत पाठवावा.

एवढे करूनही भिंत गुळगुळीत झालीच, तर भरण्यापूर्वी पहारीने किंवा टिकावाने चारही बाजूंनी उभे चरे पाडावेत आणि तळ फोडून घ्यावा. एका खड्ड्यामागे काही मिनिटांचे हे काम आहे. ते मजुरीच्या हिशेबात पहिल्यापासूनच धरावे, म्हणजे घाईत टाळले जात नाही.

ऑगर म्हणजे दोषच, असा याचा अर्थ मुळीच नाही. योग्य प्रश्नाला तो योग्य उत्तर ठरल्याचे उत्तम उदाहरण हरियाणात आहे. कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने चोपण जमिनीत झाडे लावण्यासाठी ऑगरच्या खोल, अरुंद छिद्रांची पद्धत विकसित केली. तेथील जमिनीत साधारण मीटरभर खोलीवर चुनखडीच्या खड्यांचा कठीण थर असतो आणि मुळे तेथेच अडतात. ऑगरने तो थर भेदून छिद्रात जिप्सम व शेणखत मिसळलेली माती भरली, की मुळांना खाली उतरायला वाट मिळते. तेथे रुंद खड्ड्याने काही साधले नसते; अडचण खोलीची होती, म्हणून अवजारही खोल जाणारे निवडले गेले. कोकणातील जांभ्यात मात्र हाच ऑगर हतबल होतो. तेथे पहार, टिकाव किंवा खडक फोडणारी जोडणी असलेले उत्खनन यंत्र यांना पर्याय नसतो. राजस्थानच्या वाळूत भिंत लिंपली जाण्याचे भय नाही; तेथे छिद्र ढासळण्याची अडचण असते, म्हणून खोदणे आणि लावणे ही कामे पाठोपाठ करावी लागतात.

मोठी यंत्रे : वरची माती वर, खालची खाली

बॅकहो यंत्राला गावोगाव जेसीबी म्हणतात. शेततळे, खोल चर, जुन्या झाडांची खोडे काढणे आणि मोठे दगड हलवणे या कामांत त्याला तोड नाही. परंतु त्याच्या बकेटला वरची सुपीक माती आणि खालचा मुरूम यांतील भेद कळत नाही. तो चालकाला सांगावा लागतो. पहिला एक-दीड फूट एका बाजूला आणि त्याखालचा मुरूम दुसऱ्या बाजूला, अशी सूचना काम सुरू होण्यापूर्वी द्यावी आणि पहिले दोन-तीन खड्डे होईपर्यंत स्वतः उभे राहावे. मुरूम वर पसरलेल्या शेताला पूर्वपदावर यायला अनेक वर्षे लागतात.

दुसरा धोका वजनाचा. ओल्या जमिनीवर अशी यंत्रे फिरली, की चाकांखालील माती खोलवर दाबली जाते. ये-जा करण्याची वाट एकच ठरवून द्यावी आणि शक्य तो ती पुढे बागेतील रस्ता म्हणून वापरावी. हिमालयाच्या उतारांवर किंवा सह्याद्रीच्या डोंगरउतारावर मोठ्या यंत्राने केलेला सरळ काप पावसाळ्यात दरड खाली आणू शकतो. तेथे समपातळीतील लहान, हाताने केलेले टप्पेच अधिक सुरक्षित असतात.

वाळवीचे वारूळ जेसीबीने सपाट करण्याची प्रथाही बरीच आहे. वरची माती गेली तरी राणीचे दालन जमिनीत शाबूत राहिले, तर वसाहत पुन्हा उभी राहते. वाळवीच्या काही जाती तर वारूळ बांधतच नाहीत. त्या जमिनीत विखुरलेल्या लहान दालनांत राहतात. वारूळ पाडले म्हणजे वाळवी संपली, असे समजून लगेच रोपे लावू नयेत.

ऊन कोणाला लागते?

खड्डे उन्हाळ्यात घेऊन तापू द्यावेत, हा सल्ला सर्वांना ठाऊक आहे. मात्र तापते काय, हे पाहायला हवे. रुंद खड्ड्याच्या तळापर्यंत ऊन पोहोचते. एक फूट व्यासाच्या आणि दोन फूट खोल छिद्राच्या तळाला मात्र ऐन उन्हाळ्यातही भर दुपारी फार तर तास-दोन तास थेट ऊन मिळते. म्हणजे ऑगरच्या खड्ड्यात खरा लाभ बाहेर काढलेल्या मातीला होतो आणि तोही ती पसरली असेल तरच. ढीग तसाच राहिला, तर वरची दोन-तीन बोटे माती तापते आणि आतले कोष व अंडी सुरक्षित राहतात. म्हणून निघालेली माती पातळ पसरावी आणि अधूनमधून खालीवर करावी. पुढचे काम बगळे, साळुंक्या आणि कोतवाल करतात.

महाराष्ट्रात आढळणाऱ्या हुमणीच्या होलोट्रिकिया वर्गातील भुंगेरे उन्हाळ्यात जमिनीत निपचित पडून असतात आणि पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. त्यामुळे खोदाई एप्रिल-मे महिन्यात झाली, तर भुंगेरे बाहेर पडण्यापूर्वीच उघडे पडतात. खोदणाऱ्यांना ते गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकण्यास सांगावे.

उभ्या बागेतील उन्हाळी खणणी मात्र उथळच हवी. उत्तर भारतातील आंब्यावरील पिठ्या ढेकणाच्या माद्या एप्रिल-मे महिन्यांत झाडावरून उतरून बुंध्याभोवतीच्या मातीत अंडी घालतात, तर फळमाशीचे कोष वरच्या काही सेंटिमीटर मातीत असतात. तेथे कुदळ किंवा खुरपे पुरेसे आहे. रोटाव्हेटर घातल्यास किडीबरोबर अन्न शोषणारी मुळेही तुटतात.

खड्डा भरताना शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. अर्धवट कुजलेले खत व काडीकचरा वाळवीला बोलावतात. शेणखतात दिसणारी प्रत्येक जाड पांढरी अळी हुमणीचीच असते असे नाही. पुष्कळदा ती गेंडा भुंग्याची असते. तरी ती खड्ड्यात जाऊ देऊ नये. ‘खड्ड्यात थोडे फोरेट टाका’ हा जुना सल्ला अजूनही कानावर येतो. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, हे विस्तार कार्यकर्त्यांनी स्पष्टपणे सांगावे.

यंत्राबरोबर येणारी माती

भाड्याचे यंत्र आज एका शेतात, तर उद्या दुसऱ्या शेतात असते. त्याच्या पात्याला, बकेटला आणि चाकांना चिकटलेल्या मातीत सूत्रकृमींची अंडी असलेले मुळांचे तुकडे, मर रोगाची बुरशी, लव्हाळ्याच्या गाठी, हरळीचे कांडे आणि गाजरगवताचे बी असू शकते. तमिळनाडूतील पेरूच्या बागांत मूळगाठ सूत्रकृमीची एक घातक जात रोपांबरोबर पसरली, हा अनुभव ताजा आहे. रोपांच्या पिशवीतील माती जे करू शकते, ते पात्यावरील मातीलाही अशक्य नाही.

उपाय सोपा आहे. यंत्र शेतात शिरण्यापूर्वी बांधाबाहेर थांबवावे, खरवडून सर्व माती काढावी, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावे आणि मगच ब्लिचिंग पावडरचे ताजे द्रावण लावावे. हा क्रम बदलू नये, कारण माती शिल्लक असताना द्रावणाची शक्ती मातीतच खर्ची पडते. थोड्या वेळाने स्वच्छ पाण्याने धुऊन पात्याला तेलाचा हात द्यावा, म्हणजे गंज चढत नाही. आपल्याच शेतात निरोगी भागाचे काम आधी आणि रोगट भागाचे शेवटी करावे. मेलेल्या झाडाच्या जागी पुन्हा लागवड करायची असल्यास त्याच खड्ड्यात ऑगर घालून ते पाते पुढच्या रांगेत नेऊ नये.

केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून अवजारे भाड्याने देणारी केंद्रे उभी राहिली आहेत. अशा प्रत्येक अवजारे बँकेत धुण्याची एक जागा असावी आणि यंत्र शेवटचे कोठे चालले याची वहीत नोंद असावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही. गटाने एक नियम ठरवला की पुरे.

जीव सांभाळून

ऑगर चालवताना धोतर, ओढणी, उपरणे, सैल बाह्या वर्ज्य कराव्यात. फिरत्या पात्याभोवतीची माती हाताने किंवा पायाने बाजूला करू नये. अडकलेले पाते इंजिन बंद केल्यावरच सोडवावे. दीड मीटरपेक्षा खोल चरात उतरण्यापूर्वी बाजू उतरत्या कराव्यात किंवा त्यांना आधार द्यावा आणि निघालेली माती कडेपासून दूर टाकावी. शेतातून वायुवाहिनी, वीज किंवा दूरसंचार तार गेली असल्यास तिच्या खुणेजवळ यंत्र लावण्याआधी संबंधित विभागाला कळवावे. उघडे खड्डे काठ्या व दोरीने वेढावेत. लहान मुले आणि जनावरे यांना खड्डा रात्री दिसत नाही.

निवड कशी करावी?

थोडे खड्डे, खडकाळ जमीन किंवा उभ्या झाडांजवळचे काम असेल तर हाताची अवजारे घ्यावीत. मध्यम जमीन, वाफसा आणि शेकडो खड्डे असतील तर ट्रॅक्टरचा ऑगर, शक्यतो २४ इंची पात्याचा, आणि सोबत पहार घेतलेला एक माणूस हवा. हलकी जमीन व लहान रोपे असतील तर हाती ऑगर पुरतो. शेततळे, खोल चर किंवा दगड असतील तर बॅकहो मागवावा, पण मातीचे थर वेगळे ठेवण्याच्या अटीवर. आणि यांपैकी काहीही मागवले, तरी ते धुऊनच आत घ्यावे.

त्या डाळिंब बागेच्या मालकांनी पुढे रोगट भागातील झाडे काढली आणि उरलेल्या बागेत झाडांच्या मुळांपासून अंतर राखून चर घेऊन पाण्याला वाट करून दिली. त्यांच्या शेताच्या तोंडाशी आता पाण्याची एक नळी आणि तारेचा ब्रश कायम टांगलेला असतो. कोणतेही यंत्र आले, की चालकाच्या हातात ते आधी ब्रश देतात. मीही बदलले आहे. पिवळे पडलेले झाड दाखवायला कोणी नेले, की खोडावरील छिद्रे मोजण्याआधी मी पहार मागते.